बिघडलेला टर्बोचार्जर आणि घरचे गॅरेज

इंजिनचे ऑइल बदलणे, एअर फिल्टर झाडून बसविणे, ब्रेकपॅड पाहणे अशी कामे सुटीच्या दिवशी घराच्या अंगणात स्वतःच्या हाताने करणारे वाहनमालक आपल्या ग्राहकांत आणि सहकाऱ्यांतही पुष्कळ आहेत. त्यात पैशांची बचत असतेच, आणि आपल्या वाहनाची ओळख होते हा लाभ त्याहून मोठा. परंतु टर्बोचार्जर बिघडला की या हौसेची खरी परीक्षा सुरू होते. भाग महाग, त्यातील मोकळ्या जागा केसाएवढ्या सूक्ष्म, आणि मूळ दोष शोधल्याविना नवा भाग बसविला तर तोही थोड्याच दिवसांत निकामी होण्याचा संभव मोठा.

स्विस अभियंता आल्फ्रेड ब्युखी यांनी १९०५ साली पेटंट घेतलेली ही कल्पना सरळ आहे. सायलेन्सरकडे जाणाऱ्या तप्त वायूंच्या झोताने एक चक्र फिरते. त्याच दांड्याच्या दुसऱ्या टोकाला असलेले चक्र बाहेरची हवा दाबून इंजिनात ढकलते. अधिक हवा म्हणजे अधिक इंधनाचे ज्वलन आणि लहान इंजिनातून मोठी शक्ती. आपल्याकडे २००७ मध्ये आलेल्या डिझेल स्विफ्टमधील फियाटच्या १.३ लिटर इंजिनासारख्या इंजिनांनी टर्बो मध्यमवर्गीयांच्या दारात आणला. मारुतीने एप्रिल २०२० पासून डिझेल मोटारी बंद केल्या असल्या, तरी जुन्या अजून रस्त्यावर आहेत. आणि नेक्सॉन, व्हेन्यू यांसारख्या गाड्यांमुळे आता पेट्रोल वाहनांतही टर्बो रुळला आहे.

इंजिन मिनिटाला चार-पाच हजार फेरे घेते तेव्हा टर्बोचा दांडा दीड-दोन लाख फेरे घेत असतो. बहुतेक मोटारींत हा दांडा ऑइलच्या पातळ थरावर अक्षरशः तरंगतो. तो थर क्षणभर तुटला किंवा त्यात काजळी व कचरा आला, की बेअरिंग झिजू लागते. म्हणूनच टर्बो सहसा स्वतःहून मरत नाही. त्याला कोणीतरी मारलेले असते. ऑइल बदलण्यास झालेला विलंब, चोंदलेली ऑइलची नळी, फाटलेला एअर फिल्टर हे नेहमीचे आरोपी. ताळेबंदात तोटा दिसतो, पण त्याचे कारण मागच्या नोंदींत शोधावे लागते, तसाच हा प्रकार आहे.

प्रथम टर्बो खरोखर बिघडला आहे काय, हे ठरवावे. गाडीचा पिकअप गेला, काळा धूर येऊ लागला, की अनेकजण थेट टर्बोवर शिक्का मारतात. प्रत्यक्षात इंटरकूलरच्या होजची क्लिप सैल झालेली असते, होज तडकलेला असतो किंवा व्हॅक्यूमची बारीक नळी निसटलेली असते. असा दोष अल्प खर्चात निघतो. उलट सायरनसारखा चढत जाणारा आवाज, निळसर धूर आणि वारंवार उतरणारी ऑइलची पातळी ही तिन्ही लक्षणे एकत्र आली, तर संशय टर्बोवर घेणे योग्य होय.

तपासणी इंजिन पूर्ण थंड असताना, बंद स्थितीतच करावी. एअर फिल्टरकडून येणारा पाइप काढला की आतील चक्र दिसते. बॅटरीच्या प्रकाशात त्याची पाती पाहावीत; कडा मोडल्या किंवा वाकल्या असतील तर निदान झालेच. पुढे बोटाने चक्र हळूच फिरवावे आणि दांडा हलवून पाहावा. आडवी किंचित हालचाल स्वाभाविक आहे, कारण ऑइलच्या थरासाठी तेवढी जागा ठेवलेलीच असते. ती पाहून घाबरून चांगला टर्बो बदलणारेही आढळतात. मात्र पाती भोवतालच्या भिंतीला घासत असतील, किंवा दांडा आतबाहेर सरकत असल्याचे बोटाला जाणवत असेल, तर तो टर्बो संपला. पाइपात ऑइलचा पुसट लेप असणे क्षम्य, थारोळे नव्हे.

पात्याचा तुकडा नाहीसा झाला असेल, तर तो कोठे गेला हा पुढचा प्रश्न. तो इंटरकूलरमध्ये असू शकतो, इंजिनातही गेलेला असू शकतो. त्याचा छडा लागेपर्यंत गाडी सुरू करू नये. डिझेल वाहनात आणखी एक धोका आहे. फुटलेल्या सीलमधून ऑइल हवेच्या मार्गात शिरले, तर इंजिन त्याच ऑइलवर भरधाव पळू लागते आणि किल्ली फिरवूनही थांबत नाही. हाताने गियर बदलण्याच्या गाडीत चालकाने ब्रेक पूर्ण दाबून, सर्वांत वरचा गियर टाकून क्लच सोडावा. इंजिन बंद पडते. ते साधले नाही तर सर्वांनी दूर व्हावे. पाइपाच्या तोंडाशी हात नेण्याचे धाडस करू नये.

मोडलेले पाते कानशीने घासून सारखे करणे हा उपाय नव्हे. कारखान्यात यंत्रावर तोललेले चक्र किंचितही असमतोल झाले, तर त्या वेगात ते टिकत नाही. दांड्याचा नट व पात्यांच्या मर्यादेचा स्क्रू यांनाही हात लावू नये. टर्बो उघडून दुरुस्त करणे हे घरचे काम नव्हेच. काढणे व बसविणे हे अनुभवी हाताला जमू शकते. गाडी वर उचलावी लागली तर केवळ जॅकवर विसंबून खाली शिरू नये, भक्कम स्टँड लावावेत. उघडी तोंडे स्वच्छ कापडाने झाकावीत आणि कापडे मोजून ठेवावीत. आत राहिलेली चिंधी किंवा पडलेला वॉशर नव्या टर्बोचा पहिल्याच मिनिटाला घास घेतो.

बसविताना ऑइल व फिल्टर नवे घालावेत, टर्बोला ऑइल पोहोचविणारी नळी शक्यतो नवीच घ्यावी आणि परतीची नळी मोकळी असल्याची खात्री करावी. इंटरकूलरमध्ये साचलेले ऑइल काढून टाकावे. ऑइलच्या जोडावर गॅस्केटऐवजी सीलंट मुळीच फासू नये. त्याचा सुटलेला कण नळी बंद करतो. सुरू करण्यापूर्वी ऑइलच्या छिद्रातून स्वच्छ ऑइल ओतून चक्र बोटाने फिरवावे. मग निर्मात्याच्या पुस्तिकेत सांगितल्याप्रमाणे इंधन तोडून काही सेकंद स्टार्टर फिरवावा, म्हणजे ऑइल दांड्यापर्यंत पोहोचते. त्यानंतर इंजिन काही मिनिटे संथ चालू द्यावे, रेस देऊ नये.

आता थोडे खर्चाविषयी. वाहनाच्या सर्वसाधारण विमा पॉलिसीत झीज व यांत्रिक बिघाड वगळलेले असतात. म्हणजे अपघाताविना बिघडलेल्या टर्बोचा भार मालकावरच पडतो आणि गाडी अंगणात उभी असली तरी कर्जाचा हप्ता थांबत नाही. ‘इंजिन संरक्षण’ हे जादा कवच घेतले असल्यास त्याच्या अटी वाचून पाहाव्यात. वॉरंटी शिल्लक असेल तर एकही नट सैल न करता वाहन अधिकृत कार्यशाळेत न्यावे. नूतनीकरण केलेला टर्बो घेताना बरेच विक्रेते जुना भाग परत मागतात व त्याचे मूल्य बिलातून वजा करतात. तेव्हा तो भंगारवाल्याला देण्याची घाई करू नये.