रंगावर जाऊ नका, कान लावा!

आजीच्या फडताळातल्या दोन वाट्या. दोन्ही पिवळसर, दोन्ही चिंचेने लख्ख घासलेल्या. यातली पितळेची कोणती आणि काशाची कोणती? बोटांच्या टोकांवर वाटी तोला आणि कडेला चमच्याने हळूच टिचकी मारा. पितळेची वाटी ‘टण्’ म्हणून गप्प होते. काशाची गातच राहते. तिचा नाद इतका रेंगाळतो की दुसरी टिचकी मारवत नाही.

ही सगळी करामत कथलाची. पितळ म्हणजे तांबे आणि जस्त, कासे म्हणजे तांबे आणि कथील. घंटेच्या काशात साधारण ७८ टक्के तांबे आणि २२ टक्के कथील असते. एवढ्या कथलाने धातू कडक होतो आणि कंप आत जिरत नाही. पण कडकपणा आला की ठिसूळपणाही आलाच. हातातून निसटली तर पितळेच्या वाटीला पोचा येतो, काशाची तडकते. म्हणून जुनी काशाची वाटी ‘बद्द’ वाजली तर आधी बारीक तडा शोधा.

आता स्टील. चुंबक चिकटला म्हणजे स्टील खोटे, असे अनेकजण छातीठोकपणे सांगतात. ते चूक आहे. १८ टक्के क्रोमियम आणि ८ टक्के निकेल असलेल्या ३०४ प्रतीच्या स्टीलला चुंबक सहसा धरत नाही. ४३० प्रतीत निकेल जवळजवळ नसते, तिथे तो घट्ट बसतो. दोन्ही स्टेनलेसच! गंमत म्हणजे ३०४च्या डब्याच्या दुमडलेल्या काठाशी चुंबक किंचित ओढला जातो, कारण ठोकून-वाकवून तिथली धातूची घडण बदललेली असते.

जर्मन सिल्व्हरमध्ये चांदी औषधालाही नसते. असते ते तांबे, निकेल आणि जस्त. त्याची आणि चांदीची सारख्या जाडीची ताटली शेजारी ठेवून दोन्हींवर बर्फाचा एकेक खडा ठेवा. उष्णता वाहून नेण्यात चांदी सगळ्या धातूंत पहिली, त्यामुळे तिच्यावरचा खडा बघता बघता पाणी होतो.

पण चांदीचा मुलामा दिलेले तांबेही बर्फ भरभर वितळवते. तिथे कामाला येतो स्वयंपाकघरातला वजनकाटा, आणि हा माझा सगळ्यात लाडका प्रयोग. समजा भांडे भरीव घडणीचे, २०० ग्रॅमचे आहे. काट्यावर पाण्याचे पातेले ठेवून आकडा शून्य करा. भांडे दोऱ्याला बांधून पाण्यात पूर्ण बुडवा. तळाला टेकू देऊ नका, बुडबुडे झटका. काट्यावर दिसेल तेवढे मिलिलिटर त्या धातूचे आकारमान. चांदी असेल तर १९च्या आसपास, तांबे असेल तर २२. वरून कितीही मुलामा चढवा, पाण्याला आतला धातू कळतो.

शिसे आणि कथील? कागदावर ओढा. शिशाची करडी रेघ उमटते (हात मात्र लगेच साबणाने धुवा). आणि कल्हईवाल्याकडची शुद्ध कथलाची कांडी मिळालीच, तर ती कानाशी धरून हळूहळू वाकवा. आतले स्फटिक कूस बदलतात आणि कांडी चक्क करकरते.