सूर्यमाळचा उडता वीर

"सर, आम्हांला सिनेमा काढायचा आहे. एक माणूस उडतो, असा. आणि हसवणारा."

गेल्या वर्षी नवरात्र संपता संपता सूर्यमाळकडचे माझे तीन विद्यार्थी अध्यापक-कक्षाच्या दारात येऊन उभे राहिले आणि त्यांतल्या सर्वांत धीट मुलाने हे एका दमात म्हणून टाकले. मी उत्तरपत्रिका तपासत होतो. मराठीच्या प्राध्यापकाला आकाशात उडणारा म्हटला की मारुती आठवतो. त्यापलीकडे त्याची मजल जात नाही. मी हसलो. त्यांच्या धाडसाचे कौतुक वाटून हसलो, असे मी आज स्वतःचे समाधान करून घेतो. पण खरे सांगायचे तर मी त्यांच्या कल्पनेलाच हसलो होतो.

"किती दिवसांत काढणार?" मी विचारले.

"दिवाळीच्या आत. दिवाळी झाली की आमचा हिरो जगायला जाणार."

'जगायला जाणे' हा आमच्या जव्हार-मोखाड्याकडचा शब्दप्रयोग. भाताची कापणी उरकली, दिवाळी झाली, की कुटुंबेच्या कुटुंबे वसई-भिवंडीकडच्या वीटभट्ट्यांवर निघून जातात, ती पावसाच्या तोंडाला परत येतात. शेटकडून उचल आधीच घेतलेली असते; ती कोणाच्या सिनेमासाठी थांबत नाही. मी लाल पेन्सिल खाली ठेवली.

"बसा," मी म्हणालो. "मालेगावची गोष्ट ऐकली आहे का रे?"

एकाच जिल्ह्याची दोन टोके

मोखाड्याहून घाट चढून गेले की त्र्यंबकेश्वर लागते. तिथे १८७० साली धुंडिराज गोविंद फाळके जन्मले. त्यांनी विम्याची पॉलिसी गहाण टाकली, पत्नी सरस्वतीबाईंनी दागिने काढून दिले, वर सगळ्या मंडळींचा स्वयंपाकही रांधला, आणि ३ मे १९१३ रोजी मुंबईच्या कॉरोनेशन थिएटरात 'राजा हरिश्चंद्र' लोकांपुढे आला. तारामतीच्या कामाला बाई मिळेना, म्हणून ते साळुंके नावाच्या पुरुषाने केले. १९१७ च्या 'लंकादहना'त फाळक्यांनी मारुतीला पडद्यावर उडवले. आपल्याकडचा पहिला उडता वीर म्हणायचा तो हाच!

फाळके नुसते कलावंत नव्हते, विक्रेतेही होते. सुरतेला पहिल्या दिवशी गल्ला अवघा तीन रुपयांचा झाला, तेव्हा ५७,००० छायाचित्रांचा, दोन मैल लांबीचा खेळ तीन आण्यांत पाहा, अशा थाटाची जाहिरात त्यांनी केली आणि गर्दी लोटली, असे सांगतात. वस्तू तीच, पण ती गिऱ्हाइकाच्या मापाने मोजून दाखवली.

नाशिक जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला मालेगाव आहे. यंत्रमागांचे गाव. दिवसरात्र खडखडाट चालायचा आणि शुक्रवारी माग बंद राहायचे. मग कामगारांची पावले सिनेमाकडे वळायची. तिथे व्हिडिओ पार्लर चालवणाऱ्या शेख नासिर यांनी २००० साली 'मालेगाव के शोले' काढला. खर्च सुमारे पन्नास हजार रुपये, असे सांगितले जाते. डाकूंना घोडे परवडेनात, म्हणून ते सायकलींवर आले. कॅमेरा सरकवायला सायकल आणि उंच न्यायला बैलगाडी. गावातली माणसे, गावातल्याच गल्ल्या, आणि खेळही स्वतःच्याच पार्लरमध्ये.

पुढे नासिर यांनी थेट सुपरमॅनलाच मालेगावला आणले. हा वीर मूळचा अमेरिकेचा. १९३८ साली सीगल आणि शूस्टर या दोन तरुणांनी त्याला चित्रकथेत प्रथम लोकांपुढे आणले आणि त्याचे हक्क १३० डॉलरना विकून टाकले. त्याच वीरावर १९७८ साली हॉलिवूडने चित्रपट काढला, तेव्हा सुमारे साडेपाच कोटी डॉलर खर्च झाले. हा पाहून माणूस उडू शकतो यावर तुमचा विश्वास बसेल, असे जाहिरातीत वचन दिले होते.

मालेगावचा सुपरमॅन झाला शफीक शेख, मागावर काम करणारा एक काटकुळा तरुण. अर्ध्या चड्डीचा नाडा लोंबतो आहे, पायांत रबरी चपला आहेत आणि मालेगावच्या धुळीने वीराला दम लागतो आहे! त्याला हिरव्या कापडापुढे आडवा धरून उडवला. संगणक तेवढा हिरवा रंग पुसून त्या जागी आभाळ बसवतो, युक्ती एवढीच. चित्रीकरणात कॅमेरा पाण्यात पडला, मध्येच शफीकचे लग्न निघाले. ही सारी धडपड फैजा अहमद खान यांनी 'सुपरमेन ऑफ मालेगाव' या २००८ च्या माहितीपटात टिपली. तो देशोदेशींच्या महोत्सवांत गेला आणि २०१२ साली आपल्याकडच्या चित्रपटगृहांत लागला.

शफीक मात्र तोवर राहिला नव्हता. २०११ साली तोंडाच्या कर्करोगाने तो गेला. 'मालेगाव का सुपरमॅन'मधला खलनायक देशभर तंबाखूची घाण पसरवू पाहतो. हे मी सांगितले तेव्हा तिन्ही मुले गप्प झाली. रीमा कागती यांनी याच मित्रांवर बेतलेला 'सुपरबॉइज ऑफ मालेगाव' २८ फेब्रुवारी २०२५ रोजी चित्रपटगृहांत आला, हेही त्यांना सांगितले.

"म्हणजे सर," धीट मुलगा म्हणाला, "आमच्या हिरोलाही सिनेमा वेळेत दाखवला पाहिजे."

माळावरचे उड्डाण

पुढच्या रविवारी मी सूर्यमाळला गेलो. पाऊस सरलेला, भात पिवळे पडू लागलेले आणि माळ अजून हिरवागार. निर्मितीची पहिली अडचण वेशाची निघाली. मुलांच्या मनात होते की वीराला बोहाड्याचा मुखवटा द्यावा. आमच्याकडे शिमग्याच्या सुमारास बोहाडा होतो. देवादिकांची आणि राक्षसांची सोंगे संबळाच्या तालावर रात्रभर नाचतात. पण एका म्हाताऱ्या बाबांनी मान हलवली. "पोरांनो, ती देवाची सोंगं. ती पुजून बाहेर काढायची. खेळायला नाय."

मुलांनी वाद घातला नाही. एकाने घराच्या आढ्याला अडकवलेले जुने इरले उतरवले, त्यावर ताजी पाने गुंफली, आणि साता समुद्रांपलीकडच्या वीराच्या लाल झग्याला सूर्यमाळचा तोडीस तोड जबाब तयार झाला. मीही त्यांना म्हटले होतेच, की सुपरमॅनचे मालक वेगळे आहेत. विडंबन करायचे तर ते मनात ठेवून करा, नाहीतर आपला वीर आपणच घडवा. इरलेवाला कोणाच्याही मालकीचा नव्हता.

कथा साधी होती. मोखाड्यात पाऊस धो धो पडतो. मध्य वैतरणेचे धरण याच तालुक्यात. त्याचे पाणी मुंबईला जाते आणि उन्हाळ्यात इथल्या बाया डोक्यावर हंडे घेऊन दूरदूर हिंडतात. इरलेवाला उडत मुंबईला जातो आणि हंडा भरून आणतो. पण उतरताना त्याचा दर वेळी तोल जातो नि सगळे पाणी सरपंचाच्या डोक्यावर सांडते. शेवटी बाया त्याला म्हणतात, "तू उडू नको, चालत ये."

पहिले उड्डाण हिरव्या पातळापुढे झाले. मोबाइलवर पाहतो तो काय, पातळाबरोबर इरल्याची हिरवी पानेही संगणकाने पुसलेली! आभाळात नुसते मुंडके आणि दोन पाय तरंगत होते. आम्ही पोट धरधरून हसलो. मग भाताच्या उडव्यावर घालण्यासाठी आणलेली निळी ताडपत्री ताणली. वीराला दोन बाकांवर आडवे निजवले आणि इरले फडफडावे म्हणून तिघांनी सुपांनी वारा घातला. इरले काही फडफडले नाही. ते फक्त करकरले. तो करकर आवाज मुलांनी तसाच ठेवला.

गिऱ्हाईक कोठे शोधायचे?

मोठ्या चित्रपटाचा कारभार निराळा. निर्माता भांडवल घालतो, वितरक मुलखाचे हक्क घेतो, चित्रपटगृहवाला तिकिटातला वाटा उचलतो, आणि १९५२ च्या कायद्याप्रमाणे मंडळाचे प्रमाणपत्र मिळाल्याखेरीज थिएटरात खेळ लावता येत नाही. आताशा मोबाइलवर दाखवणाऱ्या कंपन्याही हक्क विकत घेतात. मालेगावकडचे विनोदी तुकडे यूट्यूबवर कोट्यवधी लोक पाहतात.

आमच्या मुलांनी बाजार गाठला. एकाने रंगवलेला कागद आठवडे बाजारात धरला, दुसऱ्याने डबा वाजवला, आणि तिसरा इरले घालून भाजीवाल्यांमधून 'उडत' फिरला. रेंज मिळावी म्हणून रोज संध्याकाळी माळाच्या कडेला जाऊन ते चित्रे पाठवत. तिकीट नव्हतेच. "येताना बसायला गोणपाट आणा" एवढीच अट.

भाऊबीजेच्या रात्री शाळेच्या भिंतीवर चादर लावली. प्रक्षेपक मी कोणाकडून तरी मागून आणला होता. खेळ जेमतेम पंचवीस मिनिटांचा. वीस मिनिटांनी वीज गेली, ती तासाने आली. एकही माणूस उठून गेला नाही. बोहाड्याला रात्र जागवणारी माणसे ती! वीर पुढच्या रांगेत धाकट्या बहिणीला मांडीवर घेऊन बसला होता. पडद्यावर त्याचा तोल गेला की सगळ्यांत मोठ्याने तोच हसे. त्याची आई तोंडाला पदर लावून बघत होती. हसत होती की आणखी काही, ते अंधारात कळले नाही.

सकाळी ट्रक आला. भांडीकुंडी, कोंबड्या, पोरेबाळे सगळे चढले. वीराने इरले मुलांच्या हाती दिले.

"नीट ठेवा रे," तो म्हणाला. "पानं वाळली तरी काठ्या ठेवा."

जूनमध्ये तो परत आला, भट्टीच्या धगीने आणखी काळवंडून. भेटल्याबरोबर त्याने विचारले, "सर, दुसरा भाग कधी?"

यंदा मी हसलो नाही. मुलांना नवरात्रापर्यंत थांबू न देता भाद्रपदातच कामाला लावले, आणि निळे कापड स्वतः विकत आणून दिले.