यंत्र म्हणते, म्हणून खरे?

सन २०१९ मध्ये न्यूयॉर्कला जाणाऱ्या एका विमानात खाद्यपदार्थांची गाडी एका प्रवाशाच्या गुडघ्याला लागली. त्याने विमान कंपनीवर दावा लावला. २०२३ साली त्याच्या वकिलांनी न्यायालयापुढे जुन्या निवाड्यांचे दाखले ठेवले. पक्षकारांची नावे, न्यायाधीशांची नावे, अवतरणे, सारे काही होते. परंतु त्यांतले सहा निवाडे कोणत्याही न्यायालयाने कधी दिलेच नव्हते! ते 'चॅटजीपीटी' ह्या संगणक-प्रणालीने रचले होते.

'हा निवाडा खरा आहे ना?' असे वकिलाने विचारलेही होते. पण कोणाला? त्याच यंत्राला! यंत्राने अर्थातच 'होय' म्हटले. वकील आणि त्यांची संस्था यांना मिळून ५,००० डॉलर दंड झाला.

यंत्र खोटे बोलले काय? तसे म्हणता येणार नाही. खोटे बोलायलाही खरे काय ते ठाऊक असावे लागते. 'विजा चमकू लागल्या आणि मुसळधार...' हे वाक्य तुम्ही कसे पुरे कराल? 'पाऊस आला', आणि तेही खिडकीबाहेर न पाहता! यंत्र असेच करते. प्रचंड मजकुराच्या आधारे, कोणत्या शब्दांनंतर कोणता शब्द येण्याचा संभव किती, याचे गणित करून ते एकेक शब्द (खरे तर शब्दाचा तुकडा) पुढे मांडत जाते. ज्या गोष्टी पुष्कळदा लिहिल्या गेल्या आहेत, त्यांची उत्तरे बहुधा बरोबर येतात. क्वचितच लिहिल्या गेलेल्या गोष्टीविषयी विचारले, की निवाड्यासारखा दिसणारा निवाडा तयार होतो. भाषा मात्र दोन्हीकडे तितकीच सफाईदार! आता काही प्रणाली इंटरनेटवर शोधून आधारही दाखवतात. तो उघडून वाचण्याचे काम आपलेच.

मग तपासावे कसे? अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या सॅम वाइनबर्ग आणि सारा मॅकग्रू यांनी २०१७ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात इतिहासतज्ज्ञ, विद्यार्थी आणि बातम्यांची सत्यता तपासणारे लोक यांना संगणकावरची काही पाने पारखायला दिली. इतिहासतज्ज्ञ आणि विद्यार्थी बहुधा तेच पान वाचत बसले आणि अनेकदा फसले. तपासनीस चटकन त्या पानाबाहेर पडले आणि इतर लोक त्याविषयी काय म्हणतात ते पाहू लागले. पंडितांपेक्षा तपासनीस सरस ठरले, हे मला फार बोलके वाटते.

शिक्षकांनी वर्गात एक प्रयोग करून पाहावा. आपल्या शाळेची स्थापना कधी व कोणी केली, हे यंत्राला विचारा. उत्तर फळ्यावर लिहा आणि मुलांना शाळेच्या जुन्या दप्तराशी एकेक वाक्य ताडून पाहू द्या. दुसऱ्या दिवशी तोच प्रश्न पुन्हा विचारा आणि उत्तर बदलले का, तेही पाहा.