शकुंतलेची स्टेशनं आणि बरोबरच्या चिन्हाची जागा

यवतमाळात पत्ता विचारला तर कोणी अक्षांश-रेखांश सांगत नाही. ‘दत्त चौकातून थोडं पुढं, उजव्या हाताला,’ बस. आकृत्या काढायच्या टिक्झ या लायब्ररीलाही असाच पत्ता समजतो.

मी आपल्या शकुंतला रेल्वेची आकृती काढत होतो. मध्ये मूर्तिजापूर, वर अचलपूर, खाली उजवीकडे दारव्हा आणि यवतमाळ. प्रत्येक स्टेशनला एक्स-वायचे आकडे दिले. मग आठवलं, कारंजा राहिलंच! ते मध्ये घालायचं तर पुढचे सगळे आकडे बदला.

म्हणून ‘पोझिशनिंग’ लोड केलं. कारंजा मूर्तिजापूरच्या खाली उजवीकडे, दारव्हा कारंजाच्या, यवतमाळ दारव्ह्याच्या. आता एक सरकवलं की मागचे डबे आपोआप येतात. अट एकच: ज्याच्या आधारानं सांगताय, ते स्टेशन कोडमध्ये आधी यायला हवं. नाहीतर एरर.

तरी नावं एकमेकांवर चढत होती. घोळ बरोबरच्या चिन्हाचा निघाला. जुनं ‘राइट ऑफ =’ मध्यापासून मध्यापर्यंत मोजतं; ‘मूर्तिजापूर’सारखं लांब नाव शेजाऱ्याच्या अंगावर जातं. नवं ‘राइट = ऑफ’ कडेपासून कडेपर्यंत मोजतं. नाव कितीही लांब असो, मोकळी जागा तेवढीच.

फक्त एक लक्षात ठेवा. यात क्रम कळतो, अंतर नाही. यवतमाळ-मूर्तिजापूर सुमारे 113 किलोमीटर, पण माझ्या आकृतीत ते वीतभरसुद्धा नाही. खरा नकाशा हवा असेल तर आकडे द्यावेच लागतील.