छायाचित्र उत्तम, पण उघडेना!

हावडा–नागपूर–मुंबई लोहमार्गावर दुर्ग आणि राजनांदगाव यांच्या दरम्यान रसमडा हे एक लहानसे स्थानक आहे. भिलाईच्या पोलाद कारखान्याचे नाव देशभर सर्वांना ठाऊक असते. रसमडा मात्र तेथील औद्योगिक वसाहतीशी ज्यांचा संबंध येतो त्यांनाच परिचित. या संपूर्ण दुर्ग-भिलाई परिसरात मराठी भाषक कुटुंबे पिढ्यान्‌पिढ्या राहत आली आहेत. नागपूरकर भोसल्यांचा छत्तीसगढवरील अंमल, पुढे इंग्रजी राजवटीतील मध्य प्रांत आणि १९५९ मध्ये भिलाईची पहिली झोतभट्टी सुरू झाल्यानंतर नोकरीनिमित्त आलेली मंडळी, असा हा क्रम आहे. साहजिकच या घरांतून नागपूर, पुणे आणि परदेशाकडे पत्रांची ये-जा सदैव चालू असे. आज पत्रांची जागा छायाचित्रांनी घेतली आहे. आणि केवळ नातवंडांच्या छायाचित्रांनीच नव्हे, तर बिले, करारपत्रे, ओळखपत्रे आणि यंत्रसामग्री यांच्या छायाचित्रांनीही.

रसमडा येथील एखाद्या लघुउद्योजकाचे उदाहरण घ्यावे. लोखंडी साहित्य तयार करण्याच्या त्याच्या छोट्या कारखान्यासाठी बँकेने मुदत कर्ज मंजूर केले आहे. नवीन लेथ यंत्र जागेवर बसले आहे. यंत्राचे, त्यावरील क्रमांकाच्या पट्टीचे आणि बिलाचे छायाचित्र सायंकाळपर्यंत संकेतस्थळावर चढवले म्हणजे विक्रेत्याची उर्वरित रक्कम सोडली जाणार आहे. पुण्यातील मुलीने दिवाळीला भेट दिलेल्या आयफोनने तो छायाचित्रे काढतो. ती इतकी स्पष्ट येतात की पट्टीवरील बारीक अक्षरेही वाचता यावीत. परंतु संकेतस्थळ ती स्वीकारत नाही. ‘अयोग्य स्वरूप’ एवढाच निरोप पडद्यावर उमटतो. तो पुन्हा छायाचित्रे काढतो, प्रकाश वाढवतो, कोन बदलतो, निरोप तोच. दोष छायाचित्रात नसतोच. दोष असतो तो फाइलच्या नावाअखेरीस असलेल्या चार अक्षरांत: एचईआयसी.

दोन स्वरूपांची कथा

संगणकावर छायाचित्र साठवण्याचे सर्वांत रूढ स्वरूप म्हणजे जेपीईजी, अर्थात बोलीभाषेतील ‘जेपीजी’. १९८६ मध्ये स्थापन झालेल्या तज्ज्ञांच्या एका आंतरराष्ट्रीय समितीच्या नावावरून ते ओळखले जाते आणि १९९२ मध्ये त्याला प्रमाण स्वरूपाची मान्यता मिळाली. या स्वरूपाच्या मुळाशी असलेले गणित एका भारतीयाने सुचवलेले आहे, ही गोष्ट आपल्याकडे फारशी सांगितली जात नाही. बंगळूर येथे १९४० मध्ये जन्मलेले नासिर अहमद हे अमेरिकेतील कॅन्सस राज्य विद्यापीठात अध्यापन करीत असताना त्यांनी १९७२ मध्ये या कल्पनेवर संशोधन करण्यासाठी तेथील राष्ट्रीय विज्ञान प्रतिष्ठानकडे अर्थसाहाय्य मागितले होते. ते नाकारले गेले. तरीही त्यांनी काम सोडले नाही आणि टी. नटराजन व के. आर. राव या दोन सहकाऱ्यांसह लिहिलेला त्यांचा शोधनिबंध जानेवारी १९७४ मध्ये प्रसिद्ध झाला. जगातील अब्जावधी छायाचित्रे आज त्याच गणिताच्या आधारे साठवली जातात. कर्जाचा अर्ज नाकारला गेलेल्या ग्राहकाने हा प्रसंग ध्यानात ठेवण्यास हरकत नाही.

या गणिताचे तत्त्व असे. छायाचित्राचे आठ गुणिले आठ बिंदूंचे लहान चौकोन पाडले जातात. प्रत्येक चौकोनातील रंगछटांचे ठळक बदल आणि अतिसूक्ष्म बदल वेगळे केले जातात. मानवी डोळ्यास सूक्ष्म बदल फारसे जाणवत नाहीत. म्हणून त्यांपैकी बराच भाग गाळून टाकला जातो. फाइल लहान होते आणि पाहणाऱ्याला फरक कळत नाही. मूळ जेपीईजी वापरण्यासाठी आज कोणास शुल्क द्यावे लागत नाही, त्यामुळे ते उघडू न शकणारा संगणक शोधूनही सापडणार नाही.

मात्र दरम्यानच्या काळात भ्रमणध्वनीच्या कॅमेऱ्यांची क्षमता वाढत गेली आणि छायाचित्रांनी साठवणुकीची जागा व्यापण्यास प्रारंभ केला. चलचित्रे अधिक कमी जागेत बसवण्याचे नवे तंत्र २०१३ मध्ये प्रमाणित झाले होते. तेच तंत्र स्थिर छायाचित्रांना लागू करून २०१५ मध्ये नवे स्वरूप सिद्ध झाले. ॲपल कंपनीने सप्टेंबर २०१७ मध्ये आयफोनच्या अकराव्या प्रणालीपासून ते स्वीकारले. पुढे अँड्रॉइडच्या काही दूरध्वनींतही ते ऐच्छिक सोय म्हणून आले. नव्या तंत्रात चौकोन एकाच मापाचे नसतात. मोकळ्या आकाशासाठी मोठा चौकोन आणि अक्षरांच्या कडांसाठी लहान, अशी विभागणी होते. शिवाय शेजारच्या भागावरून पुढील भागाचा अंदाज बांधून केवळ त्या अंदाजातील चूक तेवढी नोंदवली जाते. परिणामी तेवढ्याच दर्जाचे छायाचित्र साधारणपणे निम्म्या जागेत मावते.

एवढे गुण असताना ते सर्वत्र का चालत नाही? त्याचे कारण तांत्रिक कमी आणि व्यावहारिक अधिक आहे. या तंत्रावर अनेक कंपन्यांचे एकस्व हक्क आहेत आणि ते वापरायचे तर परवाना शुल्काचा प्रश्न येतो. त्यामुळे अनेक आज्ञावलींनी त्याला दूर ठेवले. विंडोजच्या संगणकांवर ते उघडण्यासाठी अनेकदा जोड-आज्ञावली बसवावी लागते. सरकारी कार्यालये, परीक्षा मंडळे आणि वित्तीय संस्था यांची संकेतस्थळे तर जुन्या व निर्धोक स्वरूपांवरच विसंबून राहतात.

या विसंगतीची किंमत मे २०२० मध्ये अमेरिकेतील विद्यार्थ्यांनी मोजली. महासाथीमुळे तेथील कॉलेज बोर्डाच्या ‘ॲडव्हान्स्ड प्लेसमेंट’ परीक्षा घरून घेण्यात आल्या. हाताने लिहिलेल्या उत्तरांचे छायाचित्र काढून ते मिनिटांच्या मुदतीत संकेतस्थळावर चढवायचे होते. ज्यांच्या आयफोनने नव्या स्वरूपातील छायाचित्रे काढली त्यांपैकी अनेकांची उत्तरे स्वीकारलीच गेली नाहीत. घड्याळ चालत राहिले आणि वेळ संपली. दुसऱ्या आठवड्यापासून ईमेलने उत्तरे पाठवण्याची पर्यायी सोय करण्यात आली. तोपर्यंत अडकलेल्या विद्यार्थ्यांपुढे मात्र जूनमध्ये पुन्हा परीक्षेस बसण्याचाच मार्ग उरला होता.

नाव बदलून स्वरूप बदलत नाही

आपल्याकडे या अडचणीवर सर्वाधिक प्रचलित असलेला उपाय नेमका निरुपयोगी आहे. संगणकावर फाइलच्या नावातील ‘एचईआयसी’ खोडून तेथे ‘जेपीजी’ लिहिले जाते. डब्यावरची चिठ्ठी बदलल्याने आतील मिठाची साखर होत नाही. प्रत्येक फाइलच्या आरंभीच ती कोणत्या प्रकारची आहे याची खूण अंकित असते आणि संकेतस्थळ नावापेक्षा त्या खुणेवर विश्वास ठेवते. कधी कधी तर अशी फाइल स्वीकारली जाते; पण पलीकडच्या अधिकाऱ्यास ती उघडता येत नाही आणि ‘कागदपत्र अवाचनीय’ असा शेरा आठवड्यानंतर येतो. हा प्रकार सरळ नकारापेक्षाही त्रासदायक.

बहुसंख्य वापरकर्त्यांना या स्वरूपाचे नावही ठाऊक नसते, याचे श्रेय बहुतांशी व्हॉट्सॲपला द्यावे लागेल. नेहमीच्या पद्धतीने पाठवलेले छायाचित्र ते आपोआप जेपीईजी करून टाकते. मात्र त्याच वेळी ते आकसवतेही. कुटुंबाच्या छायाचित्रास ते चालते; बिलावरील बारीक अक्षरांस चालेलच असे नाही. म्हणून कोणी सल्ला देते की ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवा. तसे केले की छायाचित्र मूळ दर्जात जाते, पण मूळ स्वरूपातच, आणि अडचण जेथल्या तेथे राहते.

खरा मार्ग सोपा आहे. पुढील छायाचित्रे प्रारंभापासूनच जेपीईजी हवी असतील तर आयफोनच्या सेटिंग्जमध्ये कॅमेरा, त्यात फॉर्मॅट्स, आणि तेथे ‘मोस्ट कम्पॅटिबल’ हा पर्याय निवडावा. सॅमसंगच्या दूरध्वनीत कॅमेऱ्याच्या सेटिंग्जमधील ‘हाय एफिशिएन्सी पिक्चर्स’ बंद करावे. याने आधी काढलेली छायाचित्रे बदलत नाहीत, हे लक्षात घ्यावे. त्यांच्यासाठी आयफोनवर छायाचित्र प्रथम ‘सेव्ह टू फाइल्स’ने फाइल्समध्ये साठवावे, तेथे त्यावर बोट दाबून धरावे, आणि ‘क्विक ॲक्शन्स’मधील ‘कन्व्हर्ट इमेज’ निवडून जेपीईजी करावे. २०२२ मधील सोळाव्या प्रणालीपासून ही सोय दूरध्वनीतच आहे. वेगळे काही उतरवून घ्यावे लागत नाही. मॅक संगणकावर ‘प्रिव्ह्यू’मधून ‘एक्स्पोर्ट’ करता येते. विंडोजवर छायाचित्र उघडत असेल तर ‘फोटोज’मधून ‘सेव्ह ॲज’ करताना जेपीजी निवडावे. तारेने संगणकास जोडून छायाचित्रे घेणाऱ्यांनी सेटिंग्जमधील फोटोज या विभागात (नव्या प्रणालींत तो ‘ॲप्स’ या शीर्षकाखाली गेला आहे) ‘ट्रान्स्फर टू मॅक ऑर पीसी’ खाली ‘ऑटोमॅटिक’ ठेवावे.

रूपांतरानंतर फाइलचा आकार वाढतो आणि येथे दुसरी अडचण उभी राहते. बँकभरतीच्या अर्जांचा अनुभव असलेल्या तरुणांना ती चांगलीच परिचित आहे. आयबीपीएसच्या अर्जात छायाचित्र २० ते ५० केबी आणि स्वाक्षरी १० ते २० केबी एवढ्याच मर्यादेत हवी असते, तर दूरध्वनीचे एक जेपीईजी सहज दोन-तीन हजार केबी भरते. अशा वेळी दर्जा निर्दयपणे कमी करण्याऐवजी प्रथम अनावश्यक पार्श्वभूमी कापावी, नंतर लांबी-रुंदीचे बिंदू कमी करावेत, आणि दर्जाला सर्वांत शेवटी हात लावावा. दर्जा फार घटवला की अक्षरांच्या कडेने डासांचा थवा बसावा तसे ठिपके उमटतात आणि ३ चा ८ होतो. खातेक्रमांकाच्या बाबतीत हा फरक क्षुल्लक नव्हे. तसेच जेपीईजी फाइल दुरुस्त करून पुन्हा पुन्हा साठवली की दर वेळी काही अंश गळतो. म्हणून मूळ छायाचित्र जपून ठेवावे आणि प्रत्येक वेळी त्यावरूनच नवी प्रत करावी.

फुकट रूपांतर, महाग सौदा

घाईत असलेला ग्राहक मात्र यांपैकी काही न करता संगणकावर शोध घेतो आणि पहिल्या दिसेल त्या फुकट रूपांतर करणाऱ्या संकेतस्थळावर छायाचित्र चढवतो. अर्ध्या मिनिटात जेपीईजी हाती येते. त्या अर्ध्या मिनिटात त्याच्या पॅनकार्डाचे, आधारकार्डाचे, रद्द केलेल्या धनादेशाचे किंवा स्वाक्षरीचे छायाचित्र कोणत्या देशातील कोणाच्या संगणकावर गेले, याचा त्याला पत्ता नसतो. धनादेशावर खातेक्रमांक आणि आयएफएससी संकेतांक असतो. त्याला स्वाक्षरी आणि जन्मतारीख जोडली की तोतयेगिरीसाठी लागणारे बहुतेक साहित्य एकत्र येते. मार्च २०२५ मध्ये अमेरिकेच्या एफबीआय या तपास संस्थेच्या डेन्व्हर येथील कार्यालयाने अशा फुकट रूपांतरकांविषयी जाहीर इशारा दिला. रूपांतरित फाइलसोबत घातक आज्ञावली संगणकात शिरू शकते आणि चढवलेल्या फाइलींतील ओळखक्रमांक व बँकेचा तपशील वेचून घेतला जाऊ शकतो, असे त्यात म्हटले होते. सर्वच संकेतस्थळे लबाड असतात असे नव्हे. परंतु प्रामाणिक कोणते आणि लबाड कोणते हे बाहेरून ओळखण्याचे साधन ग्राहकाजवळ नसते, आणि जे काम दूरध्वनीतच फुकट होते त्यासाठी ही जोखीम पत्करण्याचे कारणही नसते.

छत्तीसगढमध्ये लोक ज्याला ‘चॉइस सेंटर’ म्हणतात तेथे, किंवा कोणत्याही सायबर कॅफेत हे काम करून घेतल्यास थोडी दक्षता पुरेशी आहे. काम संपताच त्या संगणकाच्या ‘डाउनलोड्स’मधील आणि ‘रिसायकल बिन’मधील आपल्या फाइली समक्ष पुसून घ्याव्यात. संगणकावर व्हॉट्सॲप उघडले असेल तर दूरध्वनीतील ‘लिंक्ड डिव्हायसेस’मधून ते तोडावे, ही गोष्ट हमखास विसरली जाते. पूर्ण आधारक्रमांकाची आवश्यकता नसेल तेथे केवळ शेवटचे चार अंक दिसणारे ‘मास्क्ड आधार’ द्यावे. आणि खात्यातून संशयास्पद व्यवहार झाल्याचे लक्षात आलेच, तर १९३० या राष्ट्रीय मदत क्रमांकावर आणि आपल्या शाखेस विनाविलंब कळवावे. अशा तक्रारीत पहिले काही तासच रक्कम थोपवून धरण्यास उपयोगी पडतात.

आणखी एक बाब. छायाचित्राच्या फाइलमध्ये ते कोठे काढले याचे अक्षांश-रेखांशही दडलेले असू शकतात. घरातील व्यक्तीचे छायाचित्र अनोळखी व्यक्तीस पाठवताना आयफोनच्या ‘शेअर’ पडद्यावरील ‘ऑप्शन्स’मध्ये जाऊन स्थानाची नोंद वगळणे इष्ट. याउलट तारण मालमत्तेच्या किंवा यंत्रसामग्रीच्या छायाचित्रात हीच नोंद मागितली जाऊ शकते, आणि रूपांतर करण्याच्या काही पद्धतींत ती पुसली जाते. तेव्हा काय हवे आहे हे शाखेत आधी विचारून घेतलेले बरे.

रसमडा येथील त्या उद्योजकाला एवढे सगळे जाणून घेण्यास वेळ नाही. साडेचार वाजले आहेत. दूरध्वनीवरून मुलगी त्याला फाइल्सपर्यंत नेते, बोट दाबून धरायला सांगते, ‘कन्व्हर्ट इमेज’ कोठे आहे ते दाखवते. तीन छायाचित्रे, तीन रूपांतरे. क्रमांकाच्या पट्टीचे छायाचित्र चढवण्यापूर्वी तो ते बोटांनी मोठे करून शेवटचा आकडा ३ आहे की ८ हे पाहून घेतो. तो ८ असतो, आणि बिलावरही ८ च असतो.