गोंदियाची ७ अंशांची थंडी आणि कॅम्परची टाकी : पाणी नेमके कधी गोठते?

उत्तरेचे वारे सुरू झाले की विदर्भातील सर्वात थंड शहरांच्या यादीत गोंदियाचे नाव हमखास वर दिसते. डिसेंबर-जानेवारीत येथे किमान तापमान ७-८ अंशांपर्यंत उतरते. नेमके याच दिवसांत नवेगावबांध, नागझिरा आणि इटियाडोहकडे पर्यटकांची पावले वळतात. राज्याने २०२१ मध्ये कॅरॅव्हॅन पर्यटन धोरण आणले. तेव्हापासून भाड्याच्या कॅरॅव्हॅन आणि स्वतः बांधून घेतलेल्या कॅम्पर व्हॅनही रस्त्यावर दिसू लागल्या आहेत. अशा गाडीत पिण्याच्या-वापराच्या पाण्याची टाकी असते, सांडपाण्याची वेगळी असते, शिवाय पंप, छोटा गीझर आणि काही मीटर पाइप. परदेशी व्हिडिओ पाहून गाडी बांधणाऱ्यांना एक प्रश्न हमखास पडतो : रात्रभर उभ्या गाडीतले पाणी गोठून टाकी फुटणार तर नाही?

गोंदियात नाही. मात्र हीच गाडी बालाघाटमार्गे सिवनीला पोहोचून राष्ट्रीय महामार्ग ४४ ने थेट श्रीनगरकडे निघाली, तर उत्तर बदलते. तयारी घरून निघण्याआधीच करावी लागते.

७ अंशांत का गोठत नाही?

पाणी शून्य अंशावर गोठते, हे शाळेत शिकलेले असते. त्यापुढची गोष्ट मात्र सहसा लक्षात राहत नाही. शून्यावर आलेल्या पाण्याचा बर्फ होण्यासाठी त्यातून आणखी बरीच उष्णता बाहेर जावी लागते. १०० लिटरची टाकी २० अंशांवर आहे असे धरू. ती शून्यापर्यंत थंड होताना साधारण ८.४ मेगाज्यूल उष्णता जाते. त्या सगळ्या पाण्याचा बर्फ व्हायला मात्र आणखी ३३.४ मेगाज्यूल, म्हणजे चौपट. विजेच्या भाषेत सांगायचे तर सव्वानऊ युनिट. गोंदियात पहाटे ७ अंश असले तरी दुपारी पारा पुन्हा पंचविशीच्या आसपास जातो. टाकीतले पाणी या दोन टोकांच्या मध्येच कुठेतरी राहते.

मग महाबळेश्वरला वेण्णा लेकजवळ गाड्यांच्या टपावर बर्फाची पापडी दिसते ती कशी? निरभ्र, वारा पडलेल्या रात्री पत्र्याचा टप आणि गवत आपली उष्णता थेट आकाशाकडे सोडतात आणि आजूबाजूच्या हवेपेक्षा काही अंशांनी जास्त थंड होतात. वेधशाळेचा तापमापक जमिनीपासून साधारण सव्वा मीटर उंचीवर, लाकडी पेटीत असतो. तो ३-४ अंश दाखवत असताना टपावरचे दव गोठू शकते. पण दवाचा थर केसाइतका पातळ, त्याला गोठायला कितीशी उष्णता जावी लागणार? त्याच गाडीच्या आतली टाकी निवांत असते.

मोबाइलवरच्या ‘फील्स लाइक’ आकड्यालाही घाबरण्याचे कारण नाही. वाऱ्यामुळे अंगाला थंडी जास्त वाजते आणि वस्तू लवकर थंड होतात, पण हवेच्या तापमानाच्या खाली वारा कोणालाच नेत नाही. हवा २ अंश आणि ‘फील्स लाइक’ उणे ३ असेल, तर पाणी गोठणार नाही.

आधी टाकी नाही, पाइप फुटतो

श्रीनगरमध्ये २१ डिसेंबरपासून ‘चिल्लई कलां’ हा ४० दिवसांचा कडाक्याचा काळ सुरू होतो. रात्री पारा उणे ४-५ पर्यंत जाणे तेथे नवे नाही. घरांचे नळ गोठतात, सकाळी लोक पाइपाभोवती शेकोटी करून पाणी सोडवताना दिसतात. लेहमध्ये तर उणे १० च्या खालीही पारा सहज जातो. अशा ठिकाणी उभ्या कॅम्परमध्ये सर्वात आधी धोक्यात येतो तो पाइप.

कारण साधे आहे. अर्धा इंची पाइपच्या एक मीटर लांबीत पाणी असते जेमतेम १८० मिलिलिटर. शून्यावर आल्यानंतर ते पूर्ण गोठायला ६० किलोज्यूल पुरतात. १०० लिटरच्या टाकीच्या तुलनेत हे ५०० पटींहून कमी. त्यात हा पाइप बहुधा गाडीच्या पोटाखालून, उघड्या हवेतून नेलेला असतो.

बर्फ होताना पाणी सुमारे ९ टक्के फुगते. गंमत अशी की पाइप अनेकदा बर्फ जमलेल्या जागी फुटतच नाही. एका बाजूला बर्फाचे बूच, दुसऱ्या बाजूला बंद नळ आणि मध्ये कोंडलेले पाणी, अशी स्थिती होते. बूच वाढते तसा मधल्या पाण्यावरचा दाब वाढतो आणि सर्वात कमजोर सांधा तडकतो. कधी तो पंपाचा असतो, कधी फिल्टरचा, कधी नळाचा. रात्री काहीच कळत नाही. दुसऱ्या दिवशी ऊन पडून बर्फ वितळला की मग गाडीत पाणी पसरते.

उपाय : रिकामे करणे सर्वात स्वस्त

गाडी काही दिवस थंडीत नुसती उभी राहणार असेल, तर पाणी काढून टाकण्यासारखा उपाय नाही. आधी गीझर बंद करून तो थंड होऊ द्यावा, मग त्याचा आणि दोन्ही टाक्यांचे ड्रेन उघडावेत. पंप थोडा वेळ चालवून पाइपातले पाणी बाहेर काढावे. या वेळी थंड आणि गरम असे दोन्ही बाजूंचे नळ उघडे हवेत. शॉवरची नळी खाली सोडावी, फिल्टरची वाटी काढून ठेवावी. नंतर नळ उघडेच ठेवावेत, म्हणजे उरलेले थोडे पाणी गोठले तरी फुगायला जागा मिळते. सिंकखालच्या वाकड्या पाइपात पाणी अडून राहते, ते बहुतेक जण विसरतात.

गाडीत मुक्काम करायचा असेल तर टाकी आणि पाइप राहत्या भागाच्या आत असलेले बरे. पोटाखालच्या पाइपावर फोमचे आवरण चढवता येते. पण आवरण उष्णता तयार करत नाही, फक्त गोठण्याची वेळ पुढे ढकलते. एका रात्रीपुरते ते पुरेल, आठवडाभर शून्याखाली राहणाऱ्या गावी नाही.

टाकीला चिकटवायचे १२ व्होल्टचे हीटिंग पॅड मिळतात. येथे बॅटरीचा हिशेब आधी करावा. ४० वॅटचा पॅड सव्वातीन अँपिअरच्या आसपास वीज घेतो. १० तासांत ३३ अँपिअर-तास खर्च. लेड-अ‍ॅसिड बॅटरी निम्म्याहून अधिक उतरवू नये असे मानतात, म्हणजे १०० ची बॅटरी असेल तर एका पॅडवर रात्र निघते, दोन पॅडवर नाही. लिथियम फॉस्फेट बॅटरी असेल तर ती शून्याखाली चार्ज करू नये, आतून कायमची खराब होते.

हे करू नका

गाडीच्या रेडिएटरमधले कूलंट पाण्याच्या टाकीत ओतणे हा जिवावरचा खेळ आहे. त्यात सहसा इथिलीन ग्लायकॉल असते. ते चवीला गोड असते, पोटात गेले तर मूत्रपिंडे निकामी करते. पाण्याच्या पाइपांसाठी प्रोपिलीन ग्लायकॉलवर आधारित वेगळे द्रव असते आणि तेही रिकाम्या केलेल्या पाइपात वापरतात. पुढच्या वापराआधी सगळी यंत्रणा धुऊन घ्यावी लागते.

मिठाचा घरगुती उपायही चालत नाही. पाणी उणे १० पर्यंत गोठू नये असे वाटत असेल, तर १०० लिटरला सुमारे १६ किलो मीठ लागेल. त्याने गंज चढेल आणि पाणी कशाच्याच कामाचे उरणार नाही.

सर्वात मोठी चूक पाण्याशी नाही, उबेशी जोडलेली आहे. बंद गाडीत कोळशाची सिगडी किंवा गॅसची शेगडी पेटवून झोपणे म्हणजे कार्बन मोनॉक्साइडला आमंत्रण. या वायूला ना वास, ना रंग. झोपेतच माणूस बेशुद्ध होतो. गोठलेला पाइप सोडवायलाही ज्योत लावू नये. हेअर ड्रायर किंवा कोमट पाण्यात भिजवलेले फडके पुरते. सुरुवात उघड्या नळाच्या बाजूने करावी, म्हणजे वितळलेल्या पाण्याला बाहेर पडायला वाट मिळते.

गाडीत गोठणारे आणखी काही

बीएस-६ डिझेल गाडीत बहुतेकदा युरियाच्या द्रावणाची, म्हणजे डीईएफची वेगळी टाकी असते. हे द्रावण उणे ११ अंशांवर गोठते. गाडीची यंत्रणा ते वितळवून घेते, पण टाकी काठोकाठ भरलेली नसावी. डिझेलचीही तीच कथा : मैदानी भागात भरलेले डिझेल कडाक्याच्या थंडीत घट्ट होते. म्हणूनच इंडियन ऑइलने नोव्हेंबर २०१९ मध्ये लडाखसाठी उणे ३३ अंशांपर्यंत प्रवाही राहणारे हिवाळी डिझेल आणले. गोंदियाहून टाकी फुल्ल करून निघालेल्याने डोंगराच्या पायथ्याशी ते डिझेल संपत आणावे आणि वरच्या पंपावर हिवाळी डिझेल भरावे.

आणि ज्यांची कॅम्पर नवेगावबांधच्या पलीकडे जाणारच नाही, त्यांनी बर्फाची काळजी सोडून टाकीच्या सफाईकडे पाहावे. आठवडाभर उभ्या गाडीतले पाणी पिण्याआधी बदललेले बरे.