शून्याच्या खालचे पाणी

कला शाखेच्या वार्षिकांकात गणितावरचा लेख दिसला की वाचक पान उलटतो, हे मला ठाऊक आहे. पण सोलापूरकराला ऋण संख्या टाळता येत नाहीत. उन्हाळा लागला की वर्तमानपत्रात मथळा येतो : 'उजनी वजा ३० टक्के!' २०२४ च्या उन्हाळ्यात तर हा आकडा वजा ५० च्याही खाली गेला. आता भांड्यात पाणी असेल किंवा नसेल. 'नसण्यापेक्षाही कमी' पाणी ते कसले?

याचे उत्तर शून्याच्या जागेत आहे. उजनीची एकूण साठवणक्षमता ११७.२३ टी.एम.सी., म्हणजे तितके अब्ज घनफूट. त्यापैकी ६३.६६ हा मृतसाठा व ५३.५७ हा उपयुक्त साठा. शून्य मांडले आहे ते मृतसाठ्याच्या माथ्यावर, समुद्रसपाटीपासून ४९१.०३ मीटर उंचीवर. त्या रेषेच्या वर धन, खाली ऋण. वजा ५० टक्के म्हणजे उपयुक्त साठ्याच्या निम्मे, सुमारे २६.७९ टी.एम.सी. पाणी मृतसाठ्यातून कमी झाले, उरले ३६.८७. वजा १०० टक्क्यांनाही धरण कोरडे पडत नाही, दहा टी.एम.सी. शिल्लक राहते. गाळाचा हिशेब सोडला, तर तळ लागतो वजा ११९ च्या आसपास.

यातून क्रम समजतो. ५९ ही ५० हून मोठी. पण वजा ५९ ही वजा ५० हून लहान, कारण ती शून्याच्या अधिक खाली आहे. शिवाय प्रत्येक संख्येला एक जोडीदार मिळतो : वजा ३० त ३० मिळवले की शून्य. नैसर्गिक संख्यांत तीनातून पाच जात नाहीत. ऋण संख्या आल्या की कोणतीच वजाबाकी अडत नाही. नैसर्गिक संख्या, शून्य आणि त्यांचे हे ऋण जोडीदार मिळून पूर्णांकांचे कुटुंब होते. त्यांच्या मधल्या जागांत वजा अडीचसारखे अपूर्णांक बसतात.

ऋण गुणिले ऋण धन का, हेही उजनीच सांगते. साठा रोज १ टक्क्याने घटतो आहे, म्हणजे वजा १. दहा दिवसांपूर्वी, म्हणजे वजा १० दिवस. तेव्हा साठा आजच्याहून १० टक्क्यांनी अधिक होता. हा नियम ब्रह्मगुप्ताने इ.स. ६२८ मध्ये 'ब्राह्मस्फुटसिद्धान्ता'त सांगितला. पुढे भास्कराचार्यांनी 'लीलावती'त ९ पाया आणि १० व १७ बाजू असलेला त्रिकोण घेतला. लंब पायाच्या बाहेर पडतो आणि पायाचे खंड येतात १५ व वजा ६. ऋण खंड म्हणजे उलट दिशेचा, हा त्यांचा खुलासा. मात्र 'बीजगणिता'तल्या वानरांच्या कोड्यात ५० व ५ अशी दोन उत्तरे निघाली, तेव्हा त्यांनी ५ सोडून दिले. कारण त्यात वानरांची एक संख्या ऋण होत होती आणि ते लोकांना पटणारे नव्हते. दिशा उलटी असू शकते, वानर उलटे मोजता येत नाही!

म्हणजे ऋण संख्येला अर्थ येतो तो शून्य कोठे मांडले त्यावरून. वजा ५० वर असलेल्या उजनीत पावसाळ्याचे पहिले २६.७९ टी.एम.सी. पाणी केवळ शून्य गाठण्यात खर्ची पडते. कालव्यांसाठीचा साठा त्यानंतर सुरू होतो. आपल्या पूर्वजांनी या संख्यांना 'ऋण' म्हटले. शून्याखालचे पाणी वापरताना आपण येत्या पावसाकडून उसने घेत असतो, एवढे त्या एका शब्दावरून कळावे.